पोरखेळ कोणाचा?

गेल्या चैत्रांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं हळदीकुंकू होतें. निमंत्रण अर्थातच आमच्या सौभाग्यवतींस होतें. आम्ही केवळ पोंचविण्यास व परत आणण्यास गेलों होतों. पन्हें, आंब्याची डाळ आणि भिजविलेले हरभरे यांबरोबर तेथें आणखी एक वस्तु वाटली गेली, ती म्हणजे एक वाक्य. आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर पतिपत्नी मिळून व्हिडिओ गेम खेळतात, ही वार्ता कोणत्या वाटेनें कोण जाणे, तेथवर पोंचली होती; आणि ती ऐकून एक सुविद्य, पदवीधर गृहिणी हंसत हंसत म्हणाल्या, "बाई, तुम्हांला बरा वेळ मिळतो!" वाक्य अवघें पांच शब्दांचें, परंतु मराठी घरांत वाढलेल्या कोणत्याही स्त्रीस त्याचें भाष्य करून सांगावें लागत नाहीं. त्या रात्रीं आमच्या सौभाग्यवतींनीं यंत्रास हात लाविला नाहीं. दुसऱ्या रात्रीं नाहीं, तिसऱ्या रात्रीं नाहीं. पुरे पंधरा दिवस नाहीं.

त्याच सुमारास आमच्या एका सहकारी प्राध्यापकांनीं आम्हांसही चारचौघांत विचारलें होतें, "काय प्रोफेसर, या वयांत पोरखेळ?" आम्ही हंसलों, चहा प्यालों, आणि त्याच रात्रीं खेळावयास मोकळे होतों. अपराध एक, आरोपी दोन, आणि शिक्षा मात्र एकीलाच! प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारण हेंच आहे. आमच्या वयाला, पेशाला किंवा टकलाला कोणी हंसलें तर त्याचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्या हंसण्यानें आमच्या घरांतील एक चांगली गोष्ट पंधरा दिवस बंद पडली, त्याची परीक्षा केल्यावांचून आम्ही राहणार नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: संसारांत मुरलेल्या नवराबायकोनें रोज घटकाभर एकत्र बसून खेळणें हें लज्जास्पद तर नाहींच, उलट ज्या घरांत हें होऊं शकत नाहीं त्या घरानें आपली नाडी एकदां पाहून घ्यावी. आणि असें खेळण्याचीं जीं साधनें आज उपलब्ध आहेत त्यांत व्हिडिओ गेम हें हलकें साधन नव्हे.

प्रथम आमची स्वतःची हकीकत सांगून टाकतों. कारण वादांत स्वतःस साक्षीदार म्हणून उभें केल्यावर उलटतपासणीस भिऊन चालत नाहीं. आमच्या विवाहास अठ्ठावीस वर्षें झालीं. एकुलती मुलगी दोन वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त बंगळूरास गेली. ती गेल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, इतकीं वर्षें आम्हां उभयतांत जें संभाषण चालत असे तें बहुतेक तिच्याविषयीं होतें: तिची शाळा, तिचा खोकला, तिची फी, तिला घरीं यावयास झालेला उशीर. तो विषय संपतांच घर शांत झालें. भांडण नव्हतें, भांडणासही कांहीं विषय लागतो. जेवण झालें म्हणजे कोचाच्या एका टोकास आम्ही आमचा मोबाईल घेऊन बसत असूं व दुसऱ्या टोकास सौभाग्यवती त्यांचा मोबाईल घेऊन बसत. दोघांच्या हातांत सारें जग होतें आणि दोघांच्या मध्यें साडेतीन हात मोकळी जागा होती. यास आमचे स्नेहीसोबती सुखी संसार म्हणत. याबद्दल कोणत्याही हळदीकुंकवांत कोणीं चकार शब्द काढला नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

दिवाळींत मुलगी घरीं आली, तेव्हां तिनें आपलें जुनें यंत्र दिवाणखान्यांतील टीव्हीस जोडलें, एक गेम लावून दिला, आणि आम्हां दोघांच्या हातीं एकेक कंट्रोलर देऊन, "हा एकट्यानें खेळतांच येत नाहीं" एवढेंच सांगून ती गाडी पकडावयास निघून गेली. (कंट्रोलर या वस्तूस आमच्या घरांत 'रिमोट' म्हणतात, शास्त्रशुद्ध नसेल, पण रूढ आहे.) गेमचें नांव 'इट टेक्स टू'. स्वीडनमधील हेझलाइट या संस्थेनें तयार केलेला हा खेळ २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस हे मूळचे चित्रपटकार होत. त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभांत त्याचाच गौरव झाला. कथानक ऐकून आमचे आक्षेपक कदाचित् चपापतील. कोडी व मे हें जोडपें घटस्फोट घेण्याच्या बेतांत आहे. त्यांची लहान मुलगी रोझ हिचे अश्रू त्यांच्याच दोन बाहुल्यांवर पडतात आणि आईबाप त्या बाहुल्यांच्या देहांत अडकतात. पुन्हा माणसें व्हावयाचीं तर दोघांनीं मिळून, आपल्याच घराच्या कोठारांतून, बागेंतून व माळ्यावरून वाट काढावयाची. एका प्रकरणांत त्याच्याकडे खिळे आहेत व तिच्याकडे हातोडा. त्यानें भिंतींत नेमका खिळा फेकल्याशिवाय तिला हातोडा अडकवून पलीकडे झोका घेतां येत नाहीं. आणि तिनें पलीकडची अडचण फोडल्याशिवाय याचें पाऊल पुढें पडत नाहीं. एकानें दुसऱ्याचें काम हिसकावून घेण्याची सोयच ठेवलेली नाहीं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारांत ही सोय आम्हीं किती वेळां वापरली होती, तें त्या पहिल्याच रात्रीं आमच्या ध्यानांत आलें.

पुढें एक प्रसंग असा येतो कीं, मुलीचे अश्रू पडले तरच ही जादू उतरेल अशा समजुतीनें आईबाप तिचें अत्यंत आवडतें खेळणें, एक कापडी हत्तीण, निष्ठुरपणें फाडून टाकतात. खेळणारांस तें आपल्याच हातांनीं करावें लागतें. हत्तीण गयावया करीत असते. मुलगी रडते, आणि जादू मात्र उतरत नाहीं. येथें सौभाग्यवतींनीं रिमोट खालीं ठेविला. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "अहो, आपण हिची पेटी माळ्यावर टाकली होती, आठवतं?" आम्हांस आठवत होतें. मुलगी दहावींत असतांना अभ्यासांत व्यत्यय नको म्हणून तिची हार्मोनियम आम्हीं कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेविली. परीक्षेनंतर ती खालीं काढली, पण मुलीनें तिला पुन्हा बोट लाविलें नाहीं. दहा वर्षें या गोष्टीविषयीं आम्ही दोघें एक अक्षर बोललों नव्हतों. त्या रात्रीं बोललों, आणि दुसऱ्या दिवशीं मुलीस दूरध्वनी करून तिच्याशींही बोललों. जें काम चांगली कादंबरी करते, चांगलें नाटक करतें, तेंच या तथाकथित पोरखेळानें आमच्या घरीं केलें. फरक इतकाच कीं, नाटकांत पातकी दुसरा असतो व आपण प्रेक्षक असतों. येथें हत्तिणीचा कान आमच्या स्वतःच्या अंगठ्याखालीं फाटला होता.

आतां आक्षेपांकडे वळूं.

पहिला आक्षेप असा कीं, खेळ हें लहान मुलांचें काम. प्रौढांस तें शोभत नाहीं. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं स्वतःच्या लग्नाची चित्रफीत पुन्हा एकदां पाहावी. आमच्या विवाहविधींतच वधूवरांना खेळविण्याची चाल आहे. विडा दांतांत धरून तोडावयाचा, घट्ट मिटलेल्या मुठींतील सुपारी सोडवावयाची, पाण्यांत टाकलेली अंगठी आधीं कोणाच्या हातीं लागते तें पाहावयाचें, आणि भोंवतीं दोन्हीं घरच्या मंडळींनीं ओरडून पैजा मारावयाच्या! ज्या पूर्वजांनीं सप्तपदीच्या जोडीला ही सुपारी ठेविली, त्यांस संसार म्हणजे काय हें कळत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस आमच्यानें होत नाहीं. कोणी म्हणेल, तेव्हां वधूवरें पोरवयाचीं होतीं, म्हणून तें ठीक होतें. मग आज तिशी गांठलेल्या वधूवरांकडून तेच खेळ इतक्या हौसेनें कां बरें खेळवून घेतां? खरी गोष्ट अशी आहे कीं, लग्नाच्या दिवशीं आम्ही जोडप्यास खेळवितों, आणि दुसऱ्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनीं खेळूं नये म्हणून पहारा करितों.

यापेक्षां मोठी साक्ष पाहिजे असेल तर वेरूळास जावें. तेथील २१ व्या, म्हणजे रामेश्वर नांवाच्या लेण्यांत, आणि २९ व्या लेण्यांतही शिवपार्वती सोंगट्यांच्या डावास बसलेलीं आहेत. ज्या कारागिरांनीं त्याच डोंगरांत रावणाच्या हातून कैलास हालविला, अंधकासुरास शूलावर चढविला, त्यांनींच छिन्नी हातीं घेऊन जगाच्या मातापितरांना खेळतांना कोरिलें, आणि तें देवाच्या अपकीर्तीचें चित्र म्हणून नव्हे. त्यांच्या दृष्टीनें दांपत्य म्हणजे काय, हें त्या डावांत दिसतें: कोणीतरी जिंकणार, कोणीतरी रुसणार, आणि पट मात्र पुन्हा मांडला जाणार. आमच्या सावंतवाडीच्या कारागिरांनीं दशावतारी गंजिफांचीं १२० पानें हातानें रंगविलीं, तीं कांहीं पाळण्यांतल्या मुलांसाठीं नव्हेत. योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानें १९३८ सालीं 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून, खेळ हा संस्कृतीहून वयानें मोठा आहे, असा सिद्धान्त विद्वानांपुढें मांडिला. वेरूळच्या पाथरवटास तो ग्रंथ वाचण्याची गरज नव्हती.

राहिली यंत्राची गोष्ट. सोंगट्या चालतील, पण व्हिडिओ गेम हा मुलांचाच, असें कित्येकांस वाटतें. त्याचा जन्म कोणाच्या घरीं झाला तें पाहा. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांस कंटाळा येऊं नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या चिमुकल्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ करून ठेविला. तो पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. हे गृहस्थ त्या वेळीं सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि महायुद्धांत त्यांनीं अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेलें होतें. अशा मनुष्यास पोरकट म्हणावयाचें तर गंभीर कोणास म्हणावें, हें आक्षेपकांनींच सांगावें.

दुसरा आक्षेप: हे खेळ माणसास एकलकोंडा करितात. कांहीं खेळ करीत असतील. कांहीं पुस्तकेंही करितात. परंतु या कलेच्या जन्मकाळाकडे पाहिलें तर हा आक्षेप अगदीं उलटा आहे. हिगिनबॉथमच्या त्या खेळाचें नांवच 'टेनिस फॉर टू', म्हणजे दोघांचें टेनिस. १९६२ मध्यें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत तयार झालेल्या 'स्पेसवॉर' या खेळांत दोन अवकाशयानें व दोन खेळाडू. १९७२ मध्यें ज्या 'पाँग'नें हा धंदा उभा केला, त्याच्या पेटीवर दोन माणसांसाठीं दोन खुंट्या. एकट्यास त्यांत करण्याजोगें कांहीं नव्हतें. सोबती नसेल तर तो शोधून आणावा लागे.

आणि दांपत्याचा या कलेशीं संबंध तर याहूनही निकटचा आहे. विल क्राउदर नांवाचे एक संगणकतज्ज्ञ व त्यांची पत्नी पॅट्रिशिया हीं दोघें अमेरिकेच्या केंटकी प्रांतांतील प्रचंड गुहांचें संशोधन करणारीं होतीं. पुढें त्यांचा घटस्फोट झाला. मुलींपासून आपण तुटत चाललों आहों असें वाटून क्राउदर यांनीं १९७६ च्या सुमारास त्या गुहांचीच वाट संगणकावर शब्दांनीं रचून मुलींसाठीं एक खेळ केला. तोच 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. मोडलेल्या घरांतून निघालेला हा खेळ कॅलिफोर्नियांतील एका नांदत्या घरांत जाऊन पोंचला. तेथें रॉबर्टा विल्यम्स या गृहिणीस त्याचा इतका नाद लागला कीं, तो संपवून त्यांनीं स्वयंपाकघरांतील मेजावर बसून स्वतःच एक रहस्यकथा रचली व तिचीं चित्रें काढलीं. पति केन यांनीं रात्रीं जागून तिची संगणकाज्ञावली लिहिली. १९८० सालचा हा 'मिस्टरी हाऊस', चित्रें असलेला आपल्या जातीचा पहिला खेळ. त्यांतूनच पुढें 'सिएरा' ही मोठी संस्था उभी राहिली. रॉबर्टाबाईंस त्या वेळीं कोणी हळदीकुंकवास बोलावून "तुम्हांला बरा वेळ मिळतो" असें म्हटलें असतें, तर एका कलेचा इतिहास निराळा झाला असता.

तिसरा आक्षेप व्यसनाचा. आणि हा एकच आक्षेप असा आहे कीं ज्यापुढें आम्ही मान तुकवितों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें संमत केलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगवर्गीकरणांत खेळांच्या विकृतीस स्थान दिलें आहे. परंतु तिचें लक्षण काय सांगितलें आहे? खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कर्तव्यांपेक्षां खेळास अधिक महत्त्व येणें, आणि हानि दिसत असूनही तो न थांबणें. आणि तेंही सामान्यतः निदान बारा महिने. खेळणें हा रोग, असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. ज्वर हा रोग आहे म्हणून शरीरांत ऊब असणें हा रोग ठरत नाहीं. तसेंच पैशांच्या खेळांचें. पैसे लावावयास लावून तरुणांस नागविणारे जे खेळ, त्यांस आम्ही खेळ म्हणतच नाहीं. तो जुगार आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें केलेल्या कायद्यानेंही पैशांचे ऑनलाइन खेळ एका बाजूस काढून त्यांवर बंदी घातली व इतर खेळांस त्यांपासून निराळें धरलें. जो भेद कायद्यास दिसला तो सुशिक्षित घरास दिसूं नये, हें चमत्कारिक आहे. धर्मराजानें द्यूतांत राज्य घालविलें, म्हणून पार्वतीच्या हातांतील फांसे कोणीं काढून घेतले नाहींत.

आमच्या घरचा नियम विचाराल तर रात्रीं साडेनऊ ते साडेदहा. दोघांपैकीं एकजण नसेल तर यंत्र बंद. पैसे भरून पुढें जाण्याची लालूच दाखविणारा खेळ घरांत आणावयाचा नाहीं. रक्तपाताचे खेळ आम्हांस रुचत नाहींत. एवढा संयम ज्यास साधत नाहीं त्यानें अवश्य दूर राहावें. पण त्यानें आपल्या दौर्बल्याचा नियम आमच्या घरास लावूं नये.

चवथा आक्षेप मात्र सर्वांचा राजा आहे: हा वेळेचा अपव्यय आहे. त्या वेळांत मनुष्य कांहीं वाचील, कांहीं समाजकार्य करील! प्राध्यापकाच्या तोंडावर हें म्हणणें फार सोपें असतें. आम्ही वाचीत आलों आहों, व पुढेंही वाचूं. परंतु आक्षेपकांस आम्ही नम्रपणें विचारतों कीं, आपण काल रात्रीं साडेनऊ ते साडेदहा काय वाचीत होतां? रविवारीं बावीस परक्या तरुणांचें क्रिकेट सात सात तास पाहणारा गृहस्थ रसिक. सासूसुनांच्या कारस्थानांच्या मालिका वर्षानुवर्षें पाहणारें कुटुंब संस्कारी. सकाळीं उठल्याबरोबर पन्नास जणांस गुलाबाच्या चित्रासह सुप्रभात पाठविणारा सामाजिक. आणि पत्नीसह एक तास डोकें चालवून, हात चालवून, हंसून, भांडून, एक अवघड पूल ओलांडणारा तेवढा वेळ दवडणारा! या हिशेबाची वही कोणाची आहे?

नव्या कलेस हलकी म्हणणें ही आमच्या सुशिक्षितांची जुनी खोड आहे. १९१३ मध्यें दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हां त्यांत काम करावयास एक स्त्री मिळेना. शेवटीं साळुंके नांवाच्या तरुण पुरुषानें तारामतीचें सोंग घेतलें. त्याच वेळीं फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरचें रांधून वाढून त्या चित्रपटाच्या कामांत रात्रंदिवस नवऱ्याच्या खांद्यास खांदा लावून राबत होत्या. आज आम्ही त्या उभयतांचीं चित्रें आदरानें लावितों. शंभर वर्षांनीं आदर करावयाचा आणि चालू काळांत नाक मुरडावयाचें, ही सोय मोठी छान आहे!

आणि वेळ कोणाचा, हा प्रश्न तर याहूनही खोल आहे. आमच्या समाजांत पुरुषाच्या वेळास 'विश्रांति' म्हणतात आणि स्त्रीच्या वेळास 'रिकामपण'. तो क्लबांत जाऊन ब्रिज खेळला तर थकलेला असतो. ती घरीं बसून खेळली तर तिला कामें नसतात. तिला खेळावयाची मुभा आहे, नाहीं असें नाहीं. पण ती मोजून दिलेली आहे. लग्नानंतर पांच वर्षें मंगळागौर. झिम्मा, फुगड्या, पिंगा, तेवढे खेळून घ्यावे. सहाव्या वर्षापासून श्रावण येतो तो फक्त उपासाचा. आणि या मोजलेल्या खेळांतही नवऱ्यास जागा नाहीं. स्त्रियांनीं स्त्रियांत खेळावें, पुरुषांनीं पुरुषांत खेळावें. दोघांनीं मिळून करावयाचें तें काम तेवढें काटकसरीचें!

नवराबायको रात्रीं दिव्याशीं एकत्र बसून कांहीं करितात, याचाच मुळीं भोंवतालच्यांस राग येतो. न्यायमूर्ति रानडे आपल्या पत्नीस शिकवूं लागले, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं रमाबाईंचा किती छळ केला, हें त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत स्वतःच लिहून ठेविलें आहे. आमचा रिमोट व रमाबाईंचें पुस्तक यांची बरोबरी करण्याइतके आम्ही निर्लज्ज नाहीं. विद्या ती विद्या आणि खेळ तो खेळ. परंतु टोमणा मात्र तोच आहे, आणि तो मारणारें तोंडही तेंच: ज्यास पतिपत्नींमधील काम समजतें, कर्तव्य समजतें, पण सोबत समजत नाहीं.

एक लहानशी गोष्ट सांगून हा भाग संपवितों. 'ओव्हरकुक्ड' नांवाचा २०१६ सालचा एक खेळ आहे. त्यांत एक स्वयंपाकघर, त्यांत भाज्या चिरावयाच्या, शिजवावयाच्या, वाढावयाच्या, आणि खरकट्या ताटल्या परत आल्या कीं धुवावयाच्या. सर्व कांहीं घड्याळाच्या कांट्यावर. पहिल्या दिवशीं आम्हीं भाजी चिरण्याचें शोभिवंत काम पत्करिलें. गिऱ्हाइकें वाढलीं, ताटल्या संपल्या, भांडें करपून धूर निघाला, आणि सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, ताटल्या! आधीं ताटल्या विसळा!" अठ्ठावीस वर्षांत आम्हांस हें वाक्य कोणीं ऐकविलें नव्हतें. त्या खेळांत आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, ती अशी कीं, स्वयंपाक म्हणजे पदार्थ करणें नव्हे. एकाच वेळीं सात गोष्टींचें भान ठेवणें होय, आणि तें भान त्या इतकीं वर्षें एकट्याच ठेवीत आल्या आहेत. आमच्याकडे स्त्रियांच्या श्रमांवर व्याख्यानें झालीं आहेत. त्यांपैकीं दोन तर आम्हींच दिलीं आहेत. तीं देऊन घरीं आल्यावर आम्ही आयत्या पाटावर बसलों होतों. ताटल्या विसळावयास आम्ही त्या खेळानंतर लागलों.

तात्पर्य, आमचें हें म्हणणें नाहीं कीं प्रत्येक दांपत्यानें व्हिडिओ गेमच खेळावा. कोणी सोंगट्या खेळोत, कोणी कॅरम खेळोत, कोणी गच्चीवर बॅडमिंटन खेळोत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या नात्यास आम्ही सात जन्मांचें म्हणतों त्यांत कामाखेरीज, काळजीखेरीज, मुलांखेरीज आणखी कांहीं असावें. आणि जेथें तें आहे तेथें लोकांनीं आपला टोमण्याचा खडा टाकूं नये. संसार कोणाचा पोरखेळ होतो? जे दोघें मिळून खेळतात त्यांचा, कीं जे एकाच छपराखालीं दोन भाडेकरूंसारखे राहून त्यास शिस्त म्हणतात त्यांचा, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

हा लेख छापावयास धाडण्यापूर्वीं आम्हीं सौभाग्यवतींस वाचून दाखविला. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "लिहिलंत तें ठीक आहे. पण त्या बाईंना एकट्यांना दोष देऊं नका. हेंच वाक्य मीही एकदां दुसऱ्या कोणाला म्हटलं आहे. तिनं पेंटिंगचा क्लास लावला होता." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या बाईंविषयींचीं दोन कडक वाक्यें आम्हीं खोडून टाकिलीं. बाकीचा लेख होता तसा ठेविला आहे.

येत्या चैत्रांत आमच्या घरीं हळदीकुंकू आहे. त्या बाईंस अगत्याचें निमंत्रण आहे, आणि या खेपेस तें यजमानांसह आहे. पन्हें व डाळ झाल्यावर चार रिमोट बाहेर काढले जातील; त्या स्वयंपाकघराच्या खेळांत चौघांस जागा आहे. ताटल्या विसळण्याचें काम पुरुषांकडे राहील.